टक्का कशाचा? द्रावणांच्या हिशेबाची प्रस्तावना

कॉस्टिक सोड्याचं 'दहा टक्के' द्रावण करून ठेवा, असं प्रयोगशाळेतल्या तिघांना स्वतंत्रपणे सांगितलं तर तीन तऱ्हेच्या बाटल्या तयार होतात. पहिला १० ग्रॅम कॉस्टिक तोलतो आणि १०० मिली पाण्यात टाकतो. दुसरा १० ग्रॅम कॉस्टिकला ९० ग्रॅम पाणी घेतो. तिसरा १० ग्रॅम कॉस्टिक थोड्या पाण्यात विरघळवतो, निवू देतो आणि फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरून बरोबर १०० मिली करतो. तिघांच्या बाटलीवरची चिठ्ठी मात्र एकच. दुसऱ्याचं द्रावण वजनाने १० टक्के आहे, पहिल्याचं ९.१. तिसऱ्याने द्रावणाच्या वजनाचा विचारच केलेला नाही. माझ्या १०० मिलीत १० ग्रॅम आहे, एवढंच तो सांगू शकतो. गंमत अशी की पहिल्याची आणि तिसऱ्याची बाटली जवळपास सारखीच निघते. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक विरघळलं की द्रावण ११० मिली होत नाही, १०५ही होत नाही. ते १०० मिलीच्या आसपासच राहतं. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी हातमोजे आणि चष्मा घालून एकदा करून पाहावं.

टक्का कशाचा, वजनाचा की मापाचा, आणि तो कशावर धरलेला, एवढं विचारायची सवय लागली तर द्रावणांच्या गणितातल्या निम्म्याहून जास्त चुका होतच नाहीत, असं माझं मत आहे. उरलेल्या चुका लिटरमध्ये लिटर मिळवण्यातून होतात. हे पुस्तक या दोन सवयींसाठी लिहिलं आहे. वाचक डोळ्यांपुढे आहेत ते आयटीआयत ए.ओ.सी.पी. किंवा एल.ए.सी.पी. हे ट्रेड करणारी मुलं, डिप्लोमा आणि बी.एस्सी.ची मुलं, आणि नंदेसरी, रानोली, तारापूर, लोटे-परशुराम, पाताळगंगा, कुरकुंभ इथल्या प्लँटमध्ये शिफ्टला उभे राहणारे केमिस्ट आणि ऑपरेटर. यातल्या पुष्कळांना सूत्र पाठ असतं. अडतं ते सूत्रात काय घालायचं यावर.

असं पुस्तक वडोदऱ्यात बसून लिहावं यात नवल नाही. या शहराचं रसायनाशी नातं कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीचं आहे. बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. रंगाई, रसायन, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे होते, आणि कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवावं हा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही पुस्तकमाला हाती घेतली गेली. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते याच कलाभवनात; काचेवरची प्रतिमा टिकवायला हायपोचं द्रावण किती तेज हवं हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक छायाचित्रकाराला रोजचा होता. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवनाच्या वास्तूत तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीची विद्याशाखा नांदू लागली. दांडिया बाजारकडून येताना ती घुमटाची इमारत दिसते. आमच्या घराघरांत तिला अजून कलाभवनच म्हणतात.

गज्जरांचे दोन शिष्य, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन, यांनी गुरूंच्या साथीने १९०७ मध्ये अलेंबिक सुरू केली. सुरुवातीचा माल होता टिंक्चर आणि अल्कोहोल. म्हणजे या शहरातल्या आधुनिक रसायन-उद्योगाचा पहिला धंदाच मुळी 'किती टक्के स्पिरिट' या प्रश्नावर उभा होता, कारण टिंक्चर म्हणजे ठरावीक ताकदीच्या अल्कोहोलमध्ये उतरवलेला वनस्पतीचा अर्क. ताकद चुकली तर अर्क नीट उतरत नाही किंवा बाटलीत गाळ बसतो. स्पिरिटकडे आपण पुढे परत येऊ, कारण आकारमान फसवतं कसं हे त्याच्याइतकं दुसरं कुणी शिकवत नाही.

आधी सूत्राबद्दल. 'सी-वन व्ही-वन बरोबर सी-टू व्ही-टू' हे अकरावीपासून सगळ्यांच्या तोंडी असतं. ते सांगतं एवढंच: पाणी घातल्याने आतला पदार्थ वाढत नाही आणि कमीही होत नाही. संहती गुणिले आकारमान म्हणजे पदार्थाचं प्रमाण, आणि पाणी घालण्यापूर्वी ते जेवढं होतं तेवढंच नंतर असतं. यात चूक काढायला जागा नाही. पण गुणाकारातून पदार्थाचं प्रमाण यायचं असेल तर संहती 'दर लिटरला इतके ग्रॅम' किंवा 'दर लिटरला इतके मोल' अशी हवी. वजनाच्या टक्क्याला लिटरने गुणलं तर जे येतं त्याला काहीच अर्थ नसतो. ते ग्रॅम नसतात, मोल नसतात, आणि कागदावर मात्र अगदी बरोबर दिसतं.

कारखान्यातलंच उदाहरण घेऊ. कॉस्टिक लाय टँकरने येते ती साधारण ४८ टक्क्यांची, आणि हा टक्का वजनाचा असतो. तिची घनता सुमारे १.५. आता दर १०० मिलीत १० ग्रॅम असं १०० लिटर द्रावण करायचं आहे. सूत्र पाठ असलेला माणूस १० गुणिले १०० भागिले ४८ करतो आणि २०.८ लिटर लाय ओढतो. पण एक लिटर लायचं वजन दीड किलो, त्याचे ४८ टक्के म्हणजे ०.७२ किलो कॉस्टिक. आपल्याला हवं १० किलो. म्हणजे लाय लागते १३.९ लिटर. २०.८ लिटर घातली तर टाकीत १० ऐवजी १५ किलो कॉस्टिक गेलं. ही चूक दीडपट का, तर लायची घनता दीड आहे म्हणून. प्रत्येक द्रावणात ही चूक त्याच्या घनतेएवढीच असते. पातळ मिठाच्या पाण्यात घनता एकच्या जवळ असल्यामुळे चूक दिसत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं बिनधास्त राहतो. सल्फ्युरिक ॲसिडला ती १.८४ पट होते.

बाटलीवर मोलॅरिटी लिहिलेली नसते; टक्का आणि घनता लिहिलेली असते. त्यावरून हिशेब मांडायचा तो असा. हायड्रोक्लोरिक ॲसिड ३६ टक्के, घनता १.१८. एक लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात ॲसिड ४२५ ग्रॅम, रेणुभार ३६.४६, म्हणजे ११.६५ मोल. एक लिटर एक-नॉर्मल करायला १००० भागिले ११.६५, सुमारे ८६ मिली. हा ८६ आकडा अनेक प्रयोगशाळांच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. चिकटवायला हरकत नाही, पण बाटली ३५ टक्क्यांची आली किंवा वर्षभर अर्धवट बुचात राहिली की तो आकडा खोटा. म्हणूनच ॲसिड अंदाजे बनवायचं आणि मग सोडियम कार्बोनेटवर टायट्रेट करून त्याची खरी ताकद काढायची असा रिवाज आहे. या पुस्तकातली गणितं तुम्हाला जवळ नेतील. पोचवण्याचं काम ब्युरेटचं.

दोन वेगळ्या ताकदींची द्रावणं एकत्र केली तर काय होतं, हा विषयाचा दुसरा अर्धा भाग. तिथे माझा गुरू रसायनशास्त्रातला नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सुवर्णगणित म्हणून एक छोटं प्रकरण आहे. 'सिद्धांतशिरोमणी' ११५० सालचा, आणि 'लीलावती' हा त्याचाच भाग मानतात. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाची नोंद त्यावर आहे. म्हणजे हे गणित खानदेशात रीतसर शिकवलं जात होतं. सोन्याचा कस तेव्हा 'वर्ण' या एककात मोजत आणि सोळा वर्णाचं सोनं शुद्ध धरत. लीलावतीतलं उदाहरण असं: तेरा वर्णाचं सोनं १० मासे, बारा वर्णाचं ४ मासे, अकरा वर्णाचं २ मासे आणि दहा वर्णाचं ४ मासे, सगळं एकत्र आटवलं, कस किती? प्रत्येक वजन त्याच्या वर्णाने गुणायचं: १३०, ४८, २२, ४०. बेरीज २४०. एकूण वजन २० मासे. २४० भागिले २० म्हणजे बारा वर्ण.

इथवर ही साधी सरासरी. पण भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, शोधल्यावर हेच २० मासे १६ मासे उरले तर कस किती? उत्तर २४० भागिले १६, म्हणजे पंधरा वर्ण. आणि शोधून ते सोळा वर्णाचं झालं तर वजन किती उरेल? २४० भागिले १६, पंधरा मासे. त्या २४० कडे पाहा. मिसळताना तो जमा होतो, भट्टीत वजन घटतं तेव्हा तो हलत नाही, शुद्ध सोनं होईपर्यंत तो तसाच राहतो. पाणी घालून द्रावण पातळ करा, आटवून घट्ट करा, दुसऱ्या द्रावणात मिसळा. रसायनशाळेत आपण करतो ते सगळं या २४० च्या भोवती फिरतं. सी-वन व्ही-वन हे त्याचंच अर्धं रूप आहे. ज्याला लीलावतीचं हे उदाहरण समजलं त्याला ते सूत्र पाठ करायची गरज नाही, आणि ज्याला ते नुसतं पाठ आहे त्याला लीलावतीतला दुसरा प्रश्न सुटेलच असं नाही.

या हिशेबामागे एक गृहीत आहे: भट्टीत जे जळालं ते सगळं हिणकस होतं, सोन्याचा कणही गेला नाही. मिठाचं पाणी आटवताना हे गृहीत चालतं, कारण वाफ होऊन जातं ते पाणीच. स्पिरिट उघडं ठेवलं तर पाण्याआधी अल्कोहोलच उडतं, अमोनियाच्या बाटलीतून अमोनियाच जातो. तिथे २४० हाच गळका. म्हणून पुस्तकात 'आटवणे' या प्रकरणात प्रत्येक गणिताआधी उडतं कोण हे विचारलं आहे.

लीलावतीतला आणखी एक प्रश्न तर थेट आमच्या टाकीवरचा आहे. सोळा वर्णाचं आणि दहा वर्णाचं सोनं मिसळून बारा वर्णाचं झालं. प्रत्येकाचं वजन काय असेल? रीत अशी: हव्या असलेल्या बारातून दहा वजा करा, दोन आले, तेवढं सोळा वर्णाचं घ्या. सोळातून बारा वजा करा, चार आले, तेवढं दहा वर्णाचं घ्या. दोनास चार, म्हणजे एकास दोन. कितीही पट करा. फार्मसीच्या वर्गात चौकोन काढून, कोपऱ्यांत आकडे लिहून, तिरक्या वजाबाक्या करून शिकवतात ती ॲलिगेशनची पद्धत हीच. ४८ टक्क्यांची लाय वजनाने १० टक्के करायची असेल तर पाणी शून्य टक्के धरा: लाय १० भाग, पाणी ३८ भाग. पण हे भाग किलोचे. सोनार मापाने सोनं मिसळत नाही, तोलून मिसळतो, म्हणून लीलावतीचं गणित कधी अडखळत नाही. आपण मात्र हे १० आणि ३८ लिटरमध्ये घेतले तर १० लिटर लायचं वजन १५ किलो, त्यात कॉस्टिक ७.२ किलो, एकूण वजन ५३ किलो, आणि द्रावण १३.६ टक्के. मला विचाराल तर प्लँटमध्ये मोठी बॅच करायची ती वजनकाट्यावरच करावी. लोड सेल हे मापाच्या काचेपेक्षा कमी फसवणारं यंत्र आहे.

आता स्पिरिट. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली होत नाही. ९६-९७ मिली भरतं. मिसळताना ते कोमट होतं आणि निवल्यावर आकसलेलं दिसतं. अल्कोहोल आणि पाण्याचे रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात, एवढंच कारण. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे स्पिरिट वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आणि प्रयोगशाळेला परवाना लागतो आणि लिटरालिटराचा हिशेब रजिस्टरात मांडावा लागतो. नवख्या माणसाला ही घट चोरीसारखी दिसते. वजनाच्या रकान्यात मात्र एक ग्रॅमही हरवलेला नसतो. जुन्या अबकारी हिशेबात 'बल्क लिटर'शेजारी 'प्रूफ लिटर' असा रकाना असे तो यासाठीच. प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल, त्यामुळे ९५ टक्क्यांच्या १०० लिटर स्पिरिटचे सुमारे १६६ प्रूफ लिटर होतात. पाणी कितीही घाला, बल्क लिटर बदलतात, प्रूफ लिटर तेच राहतात. पुन्हा भास्कराचार्यांचा २४०.

९५ टक्के स्पिरिटपासून एक लिटर ७० टक्के करायचं तर ७० भागिले ९५, म्हणजे ७३७ मिली स्पिरिट घेऊन पाण्याने एक लिटर 'करायचं'. 'करायचं' या क्रियापदात सगळं आलं. जो १००० मधून ७३७ वजा करून २६३ मिली पाणी मोजून ओततो त्याचं द्रावण एक लिटर भरतच नाही आणि ताकद ७१ ते ७२च्या मध्ये राहते. प्रत्यक्षात पाणी लागतं सुमारे २८८ मिली. २०२० साली हात धुण्याच्या सॅनिटायझरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा जो पाठ जगभर वापरला गेला, तो या दृष्टीने लिहावा तसा लिहिलेला आहे: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिली, आणि पाण्याने दहा लिटर करा. पाणी किती हे दिलेलंच नाही. ८३३३चे ९६ टक्के म्हणजे ८००० मिली, दहा लिटरात ८० टक्के. पेरॉक्साइड येतं ०.१२५ टक्के. चार ओळींत तीन विरलनं आहेत, आणि तिन्ही एकाच शेवटच्या खुणेला बांधलेली.

खुणेचीही एक अट असते. फ्लास्कच्या मानेखाली तापमान छापलेलं असतं. भारतात बनलेल्या पुष्कळ काचेवर ते २७ अंश असतं, परदेशी काचेवर २०. वडोदऱ्यात मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत पाणी ४२ अंशांपर्यंत जाऊ शकतं. २७ पासून ४२ पर्यंत पाणी अर्ध्या टक्क्याने फुगतं, म्हणजे एका लिटरला पाच मिली. रंगाच्या टाकीला याने काही होत नाही, टायट्रेशनच्या स्टँडर्डला होतं. आणि ॲसिड पाण्यात घातल्यावर गरम असतानाच खुणेपर्यंत भरलं तर निवल्यावर पातळी खाली गेलेली दिसते. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी नाही, हे तर इथे पुन्हा सांगतोच. पुस्तकात ते प्रत्येक संबंधित गणिताखाली मुद्दाम छापलं आहे. कंटाळा आला तरी चालेल.

'टक्का कशाचा' या प्रश्नाचं सगळ्यात विचित्र उत्तर रंगाईत मिळतं. डाय-हाउसमध्ये '२ टक्के शेड' म्हणतात तेव्हा तो टक्का पाण्यावरही नसतो आणि द्रावणावरही नसतो. तो कापडाच्या वजनावर असतो. १०० किलो कापडाला २ किलो रंग. पाणी २००० लिटर घ्या की १००० लिटर, शेड दोन टक्केच. पाण्याचा हिशेब वेगळा, त्याला लिकर रेशो म्हणतात, एकास वीस किंवा एकास दहा. मीठ आणि सोडा मात्र त्याच रेसिपीत दर लिटरला ग्रॅम असे दिलेले असतात, म्हणजे पाण्यावर. एकाच कागदावर दोन ओळींत टक्क्याचा पाया बदलतो आणि कुणी सांगत नाही. लॅब-डिपला ५ ग्रॅमची लडी, २ टक्के शेड, १ टक्का स्टॉक: लडीचं वजन गुणिले शेड भागिले स्टॉक, १० मिली पिपेटने ओढा. रंग शिकवणाऱ्या कलाभवनापासून इथल्या प्रोसेस हाउसपर्यंत हा हिशेब बदललेला नाही.

त्याच खात्यात ट्वाडल आणि बोमे अजून जिवंत आहेत. ही टक्क्यांची मापं नाहीत, हायड्रोमीटरवरच्या खुणा आहेत. ट्वाडलचा आकडा ०.००५ने गुणून त्यात १ मिळवला की विशिष्ट गुरुत्व येतं; म्हणजे १०० ट्वाडल म्हणजे १.५, आपली टँकरची लायच. पाण्याहून जड द्रवांसाठी बोमे १४५ मधून वजा करायचा आणि १४५ला त्या बाकीने भागायचं. ६६ बोमेचं सल्फ्युरिक १.८३५ निघतं, वजनाने सुमारे ९३ टक्के. ही मापं जुनाट आहेत म्हणून नाक मुरडू नये. मर्सरायझिंगच्या टाकीशी उभं राहून ब्युरेट काढायला वेळ नसतो, हायड्रोमीटर सोडला की आकडा दिसतो. फक्त तो विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं ओझं दाखवतो हे लक्षात ठेवावं. टाकीत कॉस्टिकबरोबर कार्बोनेट साठलं तरी हायड्रोमीटर तेवढाच वर राहतो आणि कॉस्टिक भरपूर आहे असं वाटतं.

इथपर्यंत मिसळलेली द्रावणं एकमेकांशी भांडत नव्हती. भांडली तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. एक-नॉर्मल ॲसिड आणि एक-नॉर्मल अल्कली सारख्या मापाने मिसळून 'प्रत्येक अर्धं-नॉर्मल' असं उत्तर लिहिलेलं मी वह्यांत पाहिलं आहे. वाडग्यात दोन्हींपैकी काहीच उरलेलं नसतं, असतं ते मीठ. घरातलं उदाहरण अधिक गंभीर आहे. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. मिसळणीचं गणित करण्याआधी हे दोन पदार्थ एकत्र राहू शकतात का, हे पाहणं ही पहिली पायरी.

ब्लीचचंच पुढे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या गढूळ झाल्या. उपसून धुतलेल्या टाकीत पुन्हा पाणी भरल्यावर क्लोरीन किती घालायचं? १००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम हवं असेल तर २ ग्रॅम. दर १०० मिलीत १० ग्रॅम क्लोरीन असलेलं हायपोक्लोराइट असेल तर २० मिली. गणित एका ओळीचं आहे. पण हायपोक्लोराइट उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये आठवड्याआठवड्याला उतरत जातं. चिठ्ठीवर १० आणि आत ५, असं असेल तर गणित बरोबर येऊनही पाणी निर्जंतुक होत नाही. स्टॉकची ताकद वापरण्याच्या दिवशी मोजावी, आयोडीन आणि थायोसल्फेटवर दहा मिनिटांचं काम आहे. पाण्याचं प्रकरण मी फार्मसीच्या प्रकरणाहून मोठं ठेवलं आहे, कारण सलाइनच्या ०.९ टक्क्यांना तपासणारे पुष्कळ असतात, टाकीला कुणी नसतं.

'एकास दहा' हाही असाच निसरडा शब्दप्रयोग. एक भाग द्रावण आणि दहा भाग पाणी, की एक भाग घेऊन एकूण दहा? पहिल्यात द्रावण अकरापट पातळ होतं, दुसऱ्यात दहापट. एका पायरीला फरक दहा टक्क्यांचा; लागोपाठ सहा पायऱ्या उतरलात तर एका पद्धतीने दहा लाखपट आणि दुसऱ्या पद्धतीने साडेसतरा लाखांहून जास्त पट. या पुस्तकात सगळीकडे 'एक अधिक नऊ' असं लिहिलं आहे.

शेवटचं प्रकरण सांडपाण्याचं आहे, आणि ते वगळू नये अशी माझी विनंती आहे. वडोदऱ्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरच्या पाटातून जातं आणि महीच्या मुखाशी, खंभातच्या आखातात सोडलं जातं. हा पाट १९८३ पासून वाहतो आहे. मर्यादा दिलेल्या असतात लिटरला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे संहतीत. आता गणित पाहा. समजा १० हजार लिटर सांडपाण्यात सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला १००० मिलिग्रॅम आहे आणि मर्यादा २५०. त्यात ३० हजार लिटर बोअरचं पाणी सोडलं की आकडा २५० येतो. सूत्र खूश, नमुना पास. पण आधी १० किलो होतं, आताही १० किलोच आहे. भूगर्भातलं ३० हजार लिटर पाणी त्यात वर गेलं. म्हणून सांडपाणी पातळ करून मर्यादेत आणण्याला परवानगी नसते, आणि मीटरवरचा प्रवाह संहतीशेजारीच लिहावा लागतो. धातूंचे क्षार किंवा न कुजणारी द्रव्यं असतील तर पाट कितीही लांब असला तरी त्यांचे किलो कमी होत नाहीत. या प्रकरणातल्या प्रत्येक उदाहरणात दोन रकाने आहेत, लिटरला मिलिग्रॅम आणि दिवसाला किलो, आणि दोन्ही भरल्याशिवाय उत्तर पूर्ण धरलेलं नाही.

पुस्तक वापरण्याबद्दल थोडं. पहिली दोन प्रकरणं ओळीने करावीत, पुढची आपापल्या कामाप्रमाणे. रंगाईवाल्याने रंगाईकडे, पाणीवाल्याने पाण्याकडे जावं. कॅल्क्युलेटर खुशाल वापरावा. मागच्या पानांवर सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, कॉस्टिक, अमोनिया आणि अल्कोहोल यांच्या टक्का-घनतेच्या सारण्या आहेत, आणि पाण्याच्या घनतेची सारणी १५ पासून ४५ अंशांपर्यंत, कारण आपल्याकडचं पाणी पाश्चात्त्य पुस्तकांतल्या २० अंशांवर वर्षातून थोडेच दिवस असतं. उत्तरांत आधी ग्रॅम किंवा किलो दिले आहेत आणि मग मिली किंवा लिटर. उत्तर जुळलं नाही तर आधी किलोचा आकडा जुळतो का ते पाहावं. तो जुळत असेल तर चूक घनतेत आहे, नसेल तर टक्क्याच्या पायात.